रस्स्यासाठी साखळी उपोषण

केजमध्ये एकट्या बाईला हॉटेलात काही खायचं असेल तर आधी एक पडदा बाजूला करावा लागतो. बसस्टँडजवळच्या कुठल्याही हॉटेलात जा. गल्ल्यावरचा माणूस तुमच्याकडे न बघताच हात लांब करतो आणि म्हणतो, "फॅमिली आत." मी एकटी असते. माझी फॅमिली घरी वरणभात खात असते. तरीही मी आत. आत म्हणजे पडद्यामागे, जिथे खिडकी नसते, पंखा असला तर फिरत नसतो आणि कोपऱ्यात कांद्याची पोती रचलेली असतात. आजवर कितीतरी मिसळी मी कांद्याच्या पोत्यांकडे बघत खाल्ल्या आहेत. काही पोती मला ओळखायला लागली होती.

म्हणून आमच्या गल्लीच्या तोंडाशी इटालियन हॉटेल उघडलं, तेव्हा मी आधी पदार्थ बघितले नाहीत. आधी पडदा शोधला. पडदा नव्हता. पाच टेबलं होती आणि त्यातलं एक खिडकीला चिकटून, थेट रस्त्याकडे तोंड करून. मी जाऊन तिथंच बसले. मालकानं पाण्याचा तांब्या ठेवला. "सोबत कोण हाय?" हा प्रश्न त्याला सुचलाच नाही. "काय आणू, ताई?" एवढंच म्हणाला. त्यानं त्या दिवशी उकडलेला पुठ्ठा आणून दिला असता तरी मी तो मिटक्या मारत खाल्ला असता.

पुठ्ठा नव्हता. हातानं लाटून कापलेला पास्ता होता आणि त्याच्यावर टोमॅटोचा सॉस, सकाळपासून मंद आचेवर ठेवलेला, लसणाचा वास येणारा, वर सब्ज्याची दोन हिरवी पानं. मी ताट पुसून खाल्लं. रस्त्यानं जाणाऱ्या तीन ओळखीच्या बायकांनी मला खाताना बघितलं. मी तिघींनाही हात केला.

ती जागा म्हणजे अर्धं गॅरेज. मालकाचे वडील, ज्यांना सगळी गल्ली चाचा म्हणते, त्यांचं ट्रॅक्टर आणि मोटारसायकली दुरुस्तीचं दुकान तिथं जन्मापासून आहे, म्हणजे माझ्या. मुलगा कित्येक वर्षं पुण्यात एका इटालियन हॉटेलच्या भटारखान्यात होता. तो बायकोमुलांसह परत आला आणि म्हणाला, आता माझं स्वतःचं. चाचांनी दोनपैकी एक शटर त्याला दिलं आणि जुन्या डिझेलच्या पिंपाला आतून विटा-माती थापून भट्टीही करून दिली. भिंतीवर पान्यांच्या जागा दाखवणाऱ्या पांढऱ्या रेघा तशाच होत्या. त्यांच्यावर आता डाव आणि झारे टांगले होते. एकही डाव त्याच्या रेघेत बसत नव्हता. टेबलांवर ट्रॅक्टरचे जुने हेडलाइट लोंबत होते आणि त्यांच्या पिवळ्या उजेडात कुणाचाही चेहरा जरा बरा दिसायचा. मालकाला आम्ही भाई म्हणायचो. भाई पास्ता देताना ताट टेबलावर ठेवून अर्धं पाऊल मागे जायचा आणि पहिला घास पोटात गेल्याशिवाय हलायचा नाही. मला कुणी खाताना बघितलेलं आवडत नाही, पण पडद्यामागच्या आयुष्यानंतर हेही आवडायला लागलं.

दारात तेलाच्या रिकाम्या डब्यात सब्ज्याचं रोप होतं. समोर राहणाऱ्या मावशी जाता-येता त्याला नमस्कार करायच्या.

"मावशी, तुळस न्हाई ती. सब्जा हाय."

"असू दे. बहीण असल तिची."

आता माझ्या घराविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कुणाला पटणार नाही. माझे वडील, आप्पा, पत्रकं लिहितात. पाण्यासाठी, एसटीच्या थांब्यासाठी, परीक्षेच्या फीसाठी, कापसाच्या भावासाठी. आमच्या फडताळात पत्रकं अंथरलेली, पुस्तकांना पत्रकांची कव्हरं, आणि मी पहिलं वाक्य वाचलं ते "जाहीर निषेध" हे. आईलाही लागण झाली आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर कागद आहे: "चहा दोन वेळाच मिळेल. तिसऱ्यांदा मागणाऱ्यांनी स्वतः करावा व भांडी विसळावीत. हुकुमावरून." अशा घरात वाढलेल्या मुलीला अन्याय दिसला की आधी डोळे भरून येत नाहीत, शीर्षक सुचतं.

भाईच्या हॉटेलात अन्याय दिसायला फार दिवस लागले नाहीत. फक्त तो कोण कुणावर करत होतं, हे ठरवणं अवघड होतं.

आमच्याकडे रस्सा दुसऱ्यांदा मिळतो. हे कुठं लिहिलेलं नाही, कारण श्वास घ्यावा असंही कुठं लिहिलेलं नाही. मिसळ असो, भाजी असो, वाटी रिकामी दिसली की वाढप्यानं येऊन ओतायचं. माणूस "नको, नको" म्हणत ताटावर हात आडवा धरतो, तरी बोटांच्या फटीतून ओतायचं. एकदा तेलगावहून तहसीलच्या कामाला आलेले दोघं पाहुणे भाईकडे शिरले. मी खिडकीत होते. त्यांनी अर्धा पास्ता खाल्ला आणि एकानं हाक मारली.

"रस्सा आण बे थोडा."

"रस्सा न्हाई तो. सॉस हाय. तेवढाच असतो."

"तेवढाच म्हंजे किती?"

"जेवढा पास्त्याला चिकटतो, तेवढा."

"अन् मला काय चिकटल मग?"

दुसरा जरा समजूतदार होता. त्यानं आवाज खाली आणला. "संपला का? संपला असल तर तसं सांग. लाजू नको. होतं कधी कधी."

इथं भाईनं "हां, संपला" म्हणायला हवं होतं. केजमधला कुठलाही हॉटेलवाला म्हणाला असता. पण भाई खोटं बोलत नाही. तो म्हणाला, "न्हाई न्हाई, पातेलं भरून हाय की."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पातेलं भरून आहे आणि वाढत नाही! एकानं चमचा खाली ठेवला. इतक्या हळू की त्याचा आवाजही झाला नाही, आणि ते फार वाईट लक्षण असतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या केजभर झालं की गॅरेजमधला इटालियनवाला भरल्या पातेल्याचा कंजूस आहे. नेकनूरकडून आलेल्या जीपवाल्यालाही ते माहीत होतं.

मग टेबलं रिकामी पडायला लागली. आधी पाचातलं एक, मग दोन. शेवटी फक्त माझं भरलेलं असायचं. भाई ताट ठेवून अर्धं पाऊल मागं जायचा आणि तिथंच उभा राहायचा, कारण जायला दुसरं टेबलच नव्हतं.

एक दिवस म्हणाला, "ताई, पुढच्या महिन्यात शटर पाडावं म्हणतो. पुण्याचे जुने मालक बोलवायलेत."

माझा घास तोंडातच राहिला. माझ्या डोळ्यांपुढं कांद्याची पोती आली.

"कावून? दोन डाव जास्त ओतले तर काय बिघडल तुमचं?"

"पास्ता बुडल."

"बुडू द्या!"

"तुमी कधी मागितला का जास्तीचा?"

"न्हाई."

"कावून?"

"मला तेवढाच आवडतो."

"बघा," भाई म्हणाला. "आपण पास्त्याला पोहायला टाकत न्हाई, ताई. मी पाच टेबलांसाठी शिकलेलं इसरणार न्हाई. त्यापेक्षा पुण्याला जाऊन दुसऱ्याच्या भटारखान्यात बरोबर करीन."

माणूस तत्त्वाचा होता, हीच मोठी पंचाईत. ज्याला तत्त्व नाही त्याच्याशी कसं लढायचं हे आप्पांनी मला लहानपणीच शिकवलंय. तत्त्ववाल्यांशी लढायचा अनुभव मात्र आमच्या घरात फक्त आपापसातला आहे आणि त्याचा निकाल आजवर कधी लागलेला नाही. जास्तीचा सॉस ओतला तर भाईचं मन मोडणार, नाही ओतला तर हॉटेल मोडणार. आणि दोन्हीत माझी खिडकी जाणार. सबंध तालुक्यात मला पाय टेकून, रस्ता बघत, कुणाच्या परवानगीशिवाय बसता येईल अशी ती एकच खिडकी. ती मी पुण्याला जाऊ देणार नव्हते.

घरी जाऊन पत्रक लिहिलं. "केजकरांनो, जागे व्हा! रस्सा ही भीक नसून हक्क आहे!" मागण्या अशा: एक, रस्सा दुसऱ्यांदा मिळालाच पाहिजे. दोन, मागणाऱ्याला पातेलं भरलेलं असल्याचं सांगणं बंद झालंच पाहिजे. तीन, हॉटेल कोणत्याही परिस्थितीत बंद होता कामा नये.

आप्पांनी चष्मा लावून वाचलं. "तिसरी मागणी पत्रकाला कमजोर करते. हे म्हणजे मोर्चा काढायचा आणि वर साहेबाला म्हणायचं, कृपया बदली घेऊ नका."

"आप्पा, तीच खरी मागणी आहे."

"मग ती पहिली घे. खरी मागणी तळाला टाकणं हा भित्रेपणा आहे." त्यांनी क्रम बदलला आणि शेवटी लाल पेनानं एक शब्द घातला. "अन्यथा."

"अन्यथा काय?"

"ते नंतर ठरतं. पण 'अन्यथा'शिवाय पत्रक म्हणजे मिठाशिवाय पिठलं."

अन्यथाचं आईनं ठरवलं. आमरण उपोषणाला तिनं साफ नकार दिला. "रस्स्यासाठी भांडून मरायला आपण काय लग्नातले वऱ्हाडी हाव का?" मग साखळी उपोषण ठरलं. साखळी म्हणजे पाळीपाळीनं. एकानं सकाळी उपाशी बसायचं, त्याची पाळी संपली की दुसऱ्यानं. उपोषण अखंड चालतं, माणसं मात्र जेवतात. आमच्या भागात याच्याइतकी व्यवहारी लढाई दुसरी नाही.

मंडप चाचांनी दिला. स्वतःच्या मुलाविरुद्ध ट्रॅक्टरवर टाकायची ताडपत्री काढून त्यांनी तिचा एक दोर खांबाला बांधला, दुसरा मुलाच्या शटरच्या कडीला. मग पंखाही जोडून दिला.

"अब्बा!" भाई बाहेर आला. "माझ्याच दारात, माझ्याच इरोधात, माझ्याच विजेवर?"

"वीज माझ्या मीटरवर हाय, बेटा."

"पण तुमी कावून?"

"मला पन न्हाई दिला तू. मी मागितलता. ईदच्या दिवशी."

भाई आत गेला. थोड्या वेळानं मंडपात पाण्याचा माठ आणून ठेवला, कारण उपोषण झालं तरी दारात माणसं बसली होती.

सोमवारी सकाळी पहिली पाळी गुरुजींची. गुरुजी निवृत्त शिक्षक, पलीकडच्या गल्लीतले, आणि आयुष्यात त्यांची न्याहारी चुकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. गळ्यात हार घालून ते सतरंजीवर बसले. मी घोषणा दिल्या. आप्पांनी पत्रकं वाटली. मग भाईनं भट्टी पेटवली.

याचा विचार आम्ही केलाच नव्हता. मंडप भट्टीपासून तीन हातांवर. लसूण तेलात पडला आणि घोषणा एकदम बारीक झाल्या. गुरुजींनी डोळे मिटले. बघणाऱ्यांना वाटलं, ध्यान लागलं. अकरा वाजायच्या आत रस्त्यावर गर्दी जमली. मोबाईलवर फोटो फिरले. दुपारी गुरुजींची पाळी संपली. त्यांनी हार काढून माझ्या हातात दिला, सतरंजीवरून उठले आणि सरळ आत जाऊन टेबलावर बसले.

"गुरुजी! आत?"

"माझी पाळी संपली, बाळ. आता मी सर्वसामान्य नागरिक."

गुरुजी आत गेलेले बघून आणखी चौघं गेले. मग नेकनूरहून पाठिंबा द्यायला एक जीप भरून माणसं आली. पाठिंबा देऊन झाला. इतक्या लांबून आलोच आहोत तर बघावं तरी काय आहे ते, म्हणून तेही आत. आत त्यांनी रस्सा मागितला. भाईनं दिला नाही. ते संतापून बाहेर आले आणि माझ्याकडं पुढच्या पाळ्या मागू लागले. पाळी करून भूक लागली की परत आत. मला सारखं यादीत खाडाखोड करावी लागत होती. आप्पा म्हणाले, एवढं शिस्तबद्ध आंदोलन त्यांनी कापसाच्या वेळीही बघितलं नव्हतं.

पाची टेबलं भरली. चाचांनी गॅरेजमधल्या टायरवर फळी टाकून सहावं केलं. भाई आतून ओरडला, "ताई, तुमी मला बुडवायलात का तारायलात, तेवढं सांगा!"

"आदी मागण्या मान्य करा!"

"न्हाई म्हंजे न्हाई!"

"मग चालू राहील!"

"चालू द्या! पन हे पत्रकं टेबलाखाली नका टाकू म्हणा, पाय घसरायलेत!"

तिसऱ्या प्रहरी मावशींची पाळी आली. समोरच्याच मावशी, सब्ज्याला नमस्कार करणाऱ्या. मी विचारलं होतं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मला काय अवघड? मी सालभर तेच करते. सोमवार तर तसाबी असतोच माझा." त्या पदर सावरून बसल्या, हार घातला, आणि पिशवीतून डबा काढून साबुदाण्याची खिचडी खायला सुरुवात केली. समोर चार मोबाईल धरलेले.

"मावशी!" मी धावले. "उपोषण आहे हे!"

"मग? साबुदाणाच हाय."

"काहीच खायचं नसतं!"

"पानी?"

"पाणी चालतं."

"मग निर्जळी तर न्हाई ना. निर्जळी न्हाई म्हंजे फराळ चालतो." त्यांनी गर्दीतल्या बायकांकडं बघितलं. सगळ्या बायकांनी मान डोलावली. माझ्या बाजूनं एकही नव्हती. ज्यांनी उभ्या आयुष्यात आठवड्यातून दोनदा उपास केले, त्यांना उपाशी कसं राहायचं हे मी कुठल्या तोंडानं सांगणार? आप्पांनीही खांदे उडवले. पत्रकात फराळाविषयी काही लिहायचं राहिलं होतं.

मावशींचा डबा लहानच होता. भाई हात पुसत दारात आला. "मावशी, एवढ्याशा खिचडीवर सांजपर्यंत बसणार?"

"तू मागण्या मान्य कर, मग उठते."

"ते होणार न्हाई. पन माझ्या दारात तुमी उपाशी बसणार, हे बी होणार न्हाई. बटाटा चालतो ना?"

"चालतो."

"राजगिरा?"

"चालतो की."

"लसूण?"

"काय रे लेकरा. अन् तुझी भांडी लसणाची. माझी कढई घिऊन ये घरून."

कढई आली. भाईनं बटाटे उकडून किसले, राजगिऱ्याचं पीठ घालून मळले, लांब वळ्या करून तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यावर काट्या-चमच्यानं रेघा उमटवल्या. इटलीत ह्याला न्योक्की म्हणतात, असं म्हणाला. तुपावर परतून ताट मावशींच्या पुढ्यात ठेवलं, आणि मंडपातसुद्धा अर्धं पाऊल मागे जाऊन उभा राहिला.

मावशींनी एक तुकडा चावला. दुसरा चावला. "चव बरी हाय. पन कोरडं हाय रे. घशाखाली उतरंना."

भाई अस्वस्थ झाला. त्याच्या पातेल्यातला सगळा सॉस लसणाचा.

"दाण्याची आमटी कर की," मावशी म्हणाल्या. "दाण्याचा कूट, मिरची, जिरं, आमसूल, थोडा गूळ. उपासाला काय लागतं दुसरं?"

भाईनं आमटी केली. मावशी बाहेरून खिडकीतून सांगत होत्या, "पातळ ठिव, पातळ." पोहे गार होण्याएवढ्या वेळात आमटी उकळली. भाई कढई घेऊनच बाहेर आला आणि एक डाव ताटात घातला.

"अजून," मावशी म्हणाल्या.

भाईनं दुसरा डाव घातला.

"अजून. बुडू दे."

भाईनं तिसरा घातला. रेघांचे गोळे आमटीत बुडाले. मंडपात कुणी हललं नाही. आत गुरुजी काटा हातात धरून उभे राहिले. भाई मावशींच्या तोंडाकडंच बघत होता. पहिला घास, दुसरा घास, मावशींनी डोळे मिटून "हं" केलं, आणि भाईनं न मागता चौथा डाव ओतला.

"मिळाला!" मी ओरडले. "मिळाला! दुसऱ्यांदा मिळाला!"

"चौथ्यांदा!" गर्दीनं दुरुस्ती केली. "चौथ्यांदा मिळाला! न मागता मिळाला!"

भाईनं हातातल्या डावाकडं बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. "आमटी हाय ती! सॉस न्हाई! आमटीचा अन् इटलीचा काय संबंध?"

"मग मला पण आमटी दे," आतून गुरुजी म्हणाले.

"तुमचा उपास कुठाय, गुरुजी? आत्ता दोन ताटं खाल्ली तुमी!"

"तो सुटला. आता नवीन धरलाय."

वाटाघाटी खिडकीच्या टेबलावर झाल्या. एका बाजूला भाई, एका बाजूला मी, आणि आप्पा उभे, कारण ते नेहमी उभ्यानंच वाटाघाटी करतात. भाई म्हणाला, "ताई, आईका. बटाट्याचे गोळे अन् आमटी. आमटी पाहिजे तेवढी, न मागता, बोटांच्या फटीतून. पन सॉस तेवढाच राहील. पास्त्याला हात लावायचा न्हाई. अन् पातेलं भरून हाय का, हे मला कुणी इचारायचं न्हाई."

आप्पा हळूच म्हणाले, "पन्नास टक्के यश. घे." त्यांना पन्नास टक्के फार क्वचित मिळालेत.

मी म्हणाले, "अन् पहिली मागणी?"

"कोणती पहिली?"

मी पत्रक पुढं केलं. त्यानं वाचलं. सकाळपासून त्याच्या टेबलांखाली शेकड्यानं पडलेलं ते पत्रक त्यानं आत्ता पहिल्यांदा वाचलं. हॉटेल कोणत्याही परिस्थितीत बंद होता कामा नये. त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मला वाटलं तुमी मला हाकलायला बसलात."

"हाकलायला कुणी उपाशी बसतं का, भाई? तुमी गेलात तर मी कुठं बसू? परत पडद्यामागं?"

"पडदा कोणता?" भाईनं विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. तो इतकी वर्षं पुण्यात होता, त्याआधी केजात कायम पडद्याबाहेरच बसलेला, आणि त्याच्या गॅरेजला कधी पडदा नव्हता. मी त्याला पोत्यांचं सांगितलं. तो हसला नाही. दारात उभे चाचा मात्र हसले.

"शटर पाडायचं म्हटलं तरी आता पडणार न्हाई," भाई शेवटी म्हणाला. "अब्बानं दोर कडीला बांधलाय. पुण्याला मी उद्या फोन करतो, येत न्हाई म्हणून."

आता उपोषण सोडायचं राहिलं. रीत अशी की ज्याच्याविरुद्ध बसलो त्यानं स्वतःच्या हातानं लिंबूपाणी पाजायचं. भाईनं पेला भरून आणला आणि मंडपात उभा राहिला. पाजायचं कुणाला? गुरुजी चौथ्यांदा जेवत होते. नेकनूरची मंडळी आमटीच्या रांगेत. मावशींनी तर पेला बघून विचारलं, "त्यात साखर हाय का? मग चालल मला, पन पोट भरलंय." सकाळपासून खरोखर उपाशी असलेलं माणूस मंडपात एकच होतं. पुढच्या पाळीचा माणूस आत जेवायला बसलेला असायचा, म्हणून दोन पाळ्यांमधली प्रत्येक पोकळी मीच बसून भरून काढली होती. आणि दिवसभरात पाळ्यांपेक्षा पोकळ्याच जास्त होत्या.

भाईनं पेला माझ्या हातात दिला. टाळ्या पडल्या. मी एका दमात प्याले.

"काय आणू, ताई?"

सगळा मंडप कान टवकारून होता. आमटी, असं मी म्हणायला हवं होतं. लढा आमटीचा झाला होता, जनतेची इच्छा आमटीची होती. पण मला खोटं बोलता येत नाही, हा आमच्या घरचा आणखी एक आजार.

"पास्ता," मी म्हणाले. "सॉस तेवढाच."

"फितूर!" मागून कुणीतरी ओरडलं. बहुतेक गुरुजी.

हॉटेल आहे. टायरवरच्या सहाव्या टेबलाशेजारी आता सातवं आलंय. न्योक्की म्हणून कुणी मागत नाही, "रेघावाली भाजी अन् आमटी" म्हणतात. सोमवारी, गुरुवारी आणि चतुर्थीला उभं राहायला जागा नसते. तेलगावचे ते दोघं पुन्हा आले होते. भाईनं विचारलं नाही, वाटीही रिकामी होऊ दिली नाही, आणि त्यांनी ताटावर हात आडवा धरल्यावर बोटांच्या फटीतून आमटी ओतली. जाताना एक म्हणाला, "आता कसं माणसावानी करायलास."

परवा मी गेले तर माझ्या टेबलावर एक मुलगी बसली होती. एकटी. कॉलेजची असावी, पाठीवरची पिशवी शेजारच्या खुर्चीवर, एक पाय दुमडून वर घेतलेला, रस्त्याकडं बघत पास्ता खात होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बाकीची टेबलंही भरलेली. भाई ताटं घेऊन पळत होता. त्यानं लांबूनच हात केला. "ताई, थोडं थांबावं लागल बघा!"

मी त्या मुलीकडं बघितलं. ऊठ म्हणायचा मला काय हक्क? आणि हक्क असता तरी, ऊठ म्हणायला तोंड उघडलं असतं का? मी बाहेर येऊन गॅरेजच्या बाकावर चाचांच्या शेजारी बसले. ते कार्ब्युरेटर साफ करत होते. आतून लसणाचा वास येत होता.

"भूक लागली का, बेटी?"

"लई."

"मग बस," चाचा म्हणाले. "तुला सराव हाय."